फेरीबोटींची ओळ

मोजणीबाई दार आपटलं तरी दचकायच्या. शेजारच्या गच्चीवर कुणी पत्रा टाकला की यांच्या हातातलं भांडं खाली. अशा बाईच्या हाताखालून एकतीस वर्षं दोन महासत्तांच्या पाणबुड्या, विनाशिका आणि क्षेपणास्त्रं एकेक मोजून गेली, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पण गेली खरी.

चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांची एक संस्था होती. ती दरवर्षी एक जाडजूड पुस्तक काढायची, 'आशिया-पॅसिफिक: बळाबळ' या नावाचं. कुणाकडे किती जहाजं, किती विमानं, किती सैन्य, याचे तक्तेच तक्ते. वकिलातींत ते जायचं, वर्तमानपत्रांत त्यातले आकडे यायचे, टीव्हीवर भांडणारी माणसं ते एकमेकांच्या तोंडासमोर नाचवायची. बाई तिथे टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा त्यांना विनाशिका आणि फ्रिगेट यांतला फरक कळत नव्हता. मग नवी सून जशी महिनाभरात जावा-नणंदा आणि त्यांची पोरं ओळखायला लागते, तशा त्या जहाजं ओळखायला लागल्या. हिची डोलकाठी तिरकी, हिच्या पाठीवर हेलिकॉप्टरची जागा, ही थोरलीसारखीच पण नाकाने बसकी. पाचव्या वर्षी तक्त्यांचं सगळं काम त्यांच्याकडे आलं, आणि नावही मागोमाग चिकटलं.

तक्त्यात तीन रकाने असायचे. एक महासागरापलीकडच्या सत्तेचा, जिच्याशी देशाचा संरक्षणाचा करार होता. दुसरा समुद्राच्या एका पट्टीपलीकडच्या सत्तेचा, जिच्याशी देशाचा सगळा व्यापार होता. तिसरा, अगदी अरुंद, आपला स्वतःचा. पहिल्या दोघांना बाईंनीच ऑफिसात नावं पाडली होती: माहेर आणि सासर. "भरवसा माहेरचा, पण नांदायचं सासरी," त्या म्हणायच्या, "आणि माहेर इतकं लांब, की हाक मारली तर पोचेपर्यंत निम्मं आयुष्य जायचं." संस्थेचे संचालक, नौदलातून निवृत्त झालेले कप्तानसाहेब, या नावांवर पहिल्यांदा हसले आणि मग स्वतःच ती वापरायला लागले. "काय बाई, सासरी नवीन काय?" असं विचारत ते सकाळी आत यायचे.

बाईंचा एकच नियम होता. दिसलं नाही ते लिहायचं नाही, आणि दिसलं ते गाळायचं नाही. मग ते सासरचं असो, माहेरचं असो, नाहीतर आपलं.

घरी त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमान फेरीबोटीवर इंजिनाचे मिस्त्री. दीड तासाच्या अंतरावर एक बेट होतं, तिथे दिवसातून तीनदा माणसं आणि गाड्या नेणारी पांढरी बोट. बेटावर सरकारी दवाखान्यात त्यांची लेक नर्स होती. हवा स्वच्छ असली की बेटाच्या मागच्या टेकडीवरून सासरच्या किनाऱ्यावरच्या इमारतींची रेघ दिसायची. लेकीने एकदा फोटो पाठवला होता. बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "डावीकडून तिसरी उंच इमारत नवी आहे का गं?"

त्या वर्षी पुस्तक छापायला जायला पाच आठवडे उरले होते. रविवारी दुपारी जेवताना मिस्त्री म्हणाले, "बोट गोदीतून आली एकदाची. पण एक गंमत केलीय. मागची फळी बदलली."

गाड्या बोटीत चढवायला मागे लोखंडाची एक मोठी फळी असते. ती धक्क्यावर टेकवतात आणि तिच्यावरून ट्रक, मोटारी आत जातात.

"गंजली होती का?" बाईंनी विचारलं.

"गंजायला काय झालंय तिला? चार वर्षांपूर्वीच घातलेली. तीस टन पेलायची. आता घातलीय ती सत्तर टनांची आहे. खालचे हायड्रॉलिक पंपसुद्धा नवे. मी म्हटलं, अरे बाबांनो, सत्तर टनांचा ट्रक आणणार कुठून?"

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. चहा मागवला."

बाईंचा घास हातातच राहिला. सत्तर टनांचा ट्रक नसतो हे खरं. पण रणगाडा किती टनांचा असतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"बाहेर बोलू नका हो हे," त्या म्हणाल्या.

"मी कुठे बाहेर बोललो? जेवताना बायकोशी बोललो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सासरच्या बंदरांचे उपग्रहातून काढलेले फोटो पुन्हा काढले. वर्षानुवर्षं पाहिलेलेच ते. पण आजवर त्यांची नजर करड्या जहाजांवर असायची. पांढरी दिसली की पुढे सरकायची. आता त्यांनी करडी सोडली आणि पांढरी धरली. शेजारी त्या बंदरांमधल्या फेरीबोटींची वेळापत्रकं ठेवली. ती तर कुणालाही मिळतात, प्रवाशांसाठीच असतात. एकेक बोट दुरुस्तीसाठी काही आठवडे वेळापत्रकातून नाहीशी होत होती आणि परत येत होती. नाहीशी होण्याआधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला, की मागची फळी लांब आणि जाड झालेली दिसायची. एका फोटोत तर तशी एक बोट उघड्या समुद्रात उभी होती, धक्का नाही, काही नाही, आणि फळी थेट पाण्यात सोडलेली. फळीच्या टोकाशी पाण्यात सात ठिपके. बाईंनी भिंग लावलं. ठिपक्यांच्या मागे फेसाच्या रेघा होत्या. ते पाण्यातही चालणारे रणगाडे होते, पोहत किनाऱ्याकडे चालले होते.

तीन आठवडे बाई भिंगातून वर आल्या नाहीत. सासरच्या त्रेसष्ट बोटी निघाल्या. माहेरनेही मालवाहू जहाजं भाड्याने घेऊन जवळच्या बंदरांत आणून ठेवली होती, ती अकरा. आणि आपल्या चार, पैकी एक यजमानांची.

कप्तानसाहेबांच्या टेबलावर त्यांनी कागद ठेवला. "नवी ओळ घालावी लागेल, साहेब."

साहेबांनी वाचलं. "बाई, या प्रवासी बोटी आहेत. उद्या तुम्ही सायकली मोजायला घ्याल."

"सायकलींच्या कॅरियरवर तोफगोळे बांधायला लागले तर त्याही मोजीन."

"विनाशिकांत दोघं तुल्यबळ, पाणबुड्यांत माहेर वरचढ, क्षेपणास्त्रांत सासर. एकूण समतोल कायम. दहा वर्षं आपण हेच छापतोय आणि तेच खरं आहे."

"तोफ धाक दाखवायलाही ठेवतात, साहेब. ती वर्षानुवर्षं गंजत पडते. पण फळी जाड करतो त्याला पलीकडे उतरायचं असतं."

साहेब उठले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली चष्म्याच्या दुकानाबाहेर एक माणूस नवा चष्मा लावून लांबची पाटी वाचून बघत होता. मागे वळून साहेब म्हणाले, "घाला ओळ. पण तिसरा रकाना मोकळा ठेवा."

"मोकळा कसा? आपल्या चार आहेत."

"तुम्हाला कसं कळलं चार आहेत ते?"

मिस्त्री कुठे कामाला आहेत हे साहेबांना माहीत होतं. त्यांनी कागद हळूच परत सरकवला. "तेच म्हणतोय मी. विचारायला येणारे आधी हेच विचारतील. तिथे आडवी रेघ मारा आणि घरी जा."

बाईंनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी रेघ मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दिसलेलं गाळलं, आणि ते नवऱ्यासाठी गाळलं. कोण बाई दुसरं काही करेल, असं त्यांनी मनाला समजावलं. मन समजलं नाही, पण पुस्तक छापायला गेलं.

पुस्तक आलं आणि त्या एका ओळीने आग लावली. संध्याकाळच्या बातम्यांत मंत्री पुस्तक हातात धरून उभे. "त्रेसष्ट!" ते म्हणाले. "आणि आपल्या रकान्यात पाहा. एक आडवी रेघ! आपण झोपलो आहोत." आठवड्याभरात सक्तीच्या सैनिकी नोकरीची वयोमर्यादा वाढली, बेटावर नव्या तोफा रवाना झाल्या, किनाऱ्यावरची शाळा रिकामी करून तिथे तारेचं कुंपण आलं. दुकानांतून बॅटरीचे सेल आणि मेणबत्त्या नाहीशा झाल्या. गल्लीतले लोक बाईंना अडवून म्हणायचे, "बरं झालं बाई, तुम्ही डोळे उघडलेत." बाई पिशवी सावरून पुढे चालू लागायच्या.

मग पलीकडून उत्तर आलं. सासरच्या प्रवक्त्याने पत्रकारांसमोर एक फोटो लावला. पांढरी बोट, मागे जाड काळी फळी. मिस्त्रींचीच बोट. "आमच्या बोटी मोजणाऱ्यांनी स्वतःच्या लपवल्या," तो शांतपणे म्हणाला. "लपवायचं कारण काय, ते जगाने ठरवावं. रणगाडे वाहण्यासाठी तयार केलेल्या बोटींना आम्ही इथून पुढे प्रवासी बोटी मानणार नाही."

मिस्त्री खुर्चीत बसून बातम्या पाहत होते. पायांत घरच्या जुन्या सपाता. "फोटो चांगला काढलाय," ते म्हणाले. "चिमणीला रंग द्यायला झालाय, तेही दिसतंय."

"तुम्हाला कळतंय का त्याने काय म्हटलं ते?"

"कळतंय की." त्यांनी टीव्ही बंद केला. "आम्हाला बुडवायला आता परवानगी लागणार नाही."

"रजा टाका."

"अगं, मी रजा टाकली तर इंजिन काय तुझे कप्तानसाहेब चालवणार? बेटावरचं दूध, औषधं, डायलिसिसची माणसं, सगळं आमच्यावरच येतं-जातं. आणि आपली पोर तिकडे आहे."

बाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. ओटा स्वच्छच होता, तो त्यांनी पुन्हा पुसला. मी चार लिहिलं असतं तर? सासरला लपवाछपवीचं निमित्त मिळालं नसतं. मंत्र्याला रेघ मिळाली नसती. कदाचित तरीही हेच झालं असतं. पण आता ते कळायला मार्ग नव्हता, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

सकाळी त्यांनी तिकीट काढलं आणि बोटीत बसल्या. एरवी चारशे माणसांनी गजबजणाऱ्या बोटीत साठ-सत्तर डोकी होती. बेटाच्या धक्क्यावर सगळे उतरून गेल्यावर त्या गाड्यांच्या मजल्यावर मागे राहिल्या आणि फळीवर चालत गेल्या. जाडी वितीने मोजली. बोल्ट मोजले. एका बाजूला पत्र्यावर वजनाची मर्यादा ठसठशीत कोरलेली होती, कुणीही वाचावी अशी. इंजिनाच्या खोलीच्या दारातून मिस्त्री पाहत होते. त्यांनी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. आता मात्र ते आकडे बाईंच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते, घरात ऐकलेले नव्हते.

लेक दवाखान्याच्या मागच्या दाराशी भेटली. आत व्हरांड्याच्या भिंतीला स्ट्रेचर रचून ठेवले होते, एकावर एक, छतापर्यंत. रक्त ठेवायची तीन नवी कपाटं, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात.

"केव्हा आलं हे?"

"पंधरा दिवस झाले. आम्ही मागितलं नव्हतं." लेक हसली, पण नुसतं तोंडाने. "आई, सात वर्षं आम्ही साधा एक्स-रेचा मशीनवाला मागत होतो. तो नाही आला."

"चल माझ्याबरोबर. आजच्याच बोटीने. चार दिवस राहा."

"आणि इथे?"

"इथे बाकीच्या आहेत ना?"

"अकरा जणी होतो. दोघींच्या आया येऊन त्यांना घेऊन गेल्या. आता नऊ." तिने आईची ओढणी सारखी केली, लहान मुलीची करावी तशी. "तुम्ही सगळ्या आया एकाच बोटीने आलात का गं?"

बाई एकट्याच परतल्या.

पुढचे तीन दिवस त्या बाकीच्या तीन बोटींवरही बसून आल्या, आणि मग त्यांनी शुद्धिपत्र लिहिलं. बोटभर कागद. फेरीबोटींच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात रेघेऐवजी 'चार' असे वाचावे. प्रत्यक्ष पाहणीत आढळले. कप्तानसाहेबांनी ते दोनदा वाचलं.

"आता काय उपयोग, बाई? घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप."

"कुलूप नाही लावत, साहेब. घोडा कुणाचा होता ते सांगतेय."

साहेबांनी पेन उघडलं. "सही मी करतो. माझं पेन्शन काय ते काढून घेतील. तुमचं नाव नको." बाईंनी हात पुढे करून कागद धरून ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "बरं, दोघांचं घालू. पण वरचं नाव माझं. तेवढा तरी मान ठेवा म्हाताऱ्याचा."

शुद्धिपत्र पुस्तक गेलेल्या प्रत्येक पत्त्यावर गेलं. दोन वर्तमानपत्रांनी आतल्या पानावर चार ओळी छापल्या. मंत्री काही बोलले नाहीत. प्रवक्ताही नाही. नवव्या दिवशी नीट इस्त्री केलेल्या शर्टातली दोन माणसं बाईंच्या घरी आली. बूट बाहेर काढले, पाणी प्यायली, आणि विचारलं, "आपल्याला ही माहिती कुणाकडून मिळाली?"

"बोटीकडून," बाई म्हणाल्या. "हे तिकीट. तारीख आहे त्याच्यावर. वजन फळीवर कोरलंय, चष्मा लावला की दिसतं."

"बाकीच्या तीन?"

"त्यांचीही तिकिटं आहेत. दाखवू?"

माणसांनी तिकिटांचे फोटो घेतले. जाताना एकाने बूट घालता घालता विचारलं, "मिस्त्री कधी घरी येतात?" उत्तराची वाट न पाहता तो जिना उतरला. त्याच आठवड्यात संस्थेला नूतनीकरणासाठी टाळं लागलं. नूतनीकरण करायला कुणी आलं नाही. कप्तानसाहेबांना रोज सकाळी कुठल्याशा कार्यालयात हजेरी लावायला बोलावू लागले.

नोकरी गेली त्या सोमवारी बाई नेहमीच्या वेळी उठल्या, आवरलं, आणि नवऱ्याबरोबर धक्क्यावर गेल्या. तिकीट काढून बोटीत बसल्या. मंगळवारीही. बुधवारी मिस्त्री वैतागले. "अगं, काय हे? लेकीकडे रोज रोज कुणी जातं का?"

"मी लेकीकडे नाही जात. मी प्रवास करतेय."

"कशासाठी?"

"प्रवासी असले तर ती प्रवासी बोट."

मिस्त्रींनी बाईंच्या हातातलं तिकीट घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "खिडकीजवळ नको बसू. काच असते तिथे."

ही गोष्ट हळूहळू पसरली. शेजारची शिंपीण एक दिवस काम पिशवीत घालून आली. शिवणाला बसायला कुठलीही जागा चालते म्हणाली. एक निवृत्त शिक्षक वर्तमानपत्र घेऊन येऊ लागले. चष्मेवाला दर गुरुवारी दुकान बंद ठेवून यायचा. पंचवीस-तीस जण व्हायचे रोज, काम नसलेले प्रवासी. भीती सगळ्यांनाच होती. वर विमान गेलं की बोलणं मध्येच तुटायचं आणि सगळे छताकडे बघायचे. पण भीतीतही माणसं एकमेकांचे डबे उघडून बघतात आणि नावं ठेवतात, तसंही चालायचं. सात आठवडे हे असं चाललं.

आठव्या आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी धक्क्यावर तिकिटाची खिडकी बंद होती. बोट उभी होती. फळी उतरवलेली होती आणि तिच्यावरून ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी आत जात होतं, एकामागून एक. प्रत्येक वेळी बोट मागून खाली बसायची आणि धक्क्याच्या दगडांतून पायांना कंप जाणवायचा. एका तरुण सैनिकाने दोरी आडवी धरली होती. "आज प्रवासी नाहीत, काकू."

"आम्ही रोजचे आहोत."

"माहीत आहे. नावं आहेत तुमची माझ्याकडे." त्याचा आवाज अवघडला होता. "घरी जा ना, काकू."

शिंपिणीने पिशवी छातीशी धरली. शिक्षक दोरीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले, पण ओलांडायचं धैर्य कुणाला झालं नाही. बाईंनी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती विरली. तरी मिस्त्री वरच्या कठड्याशी आले. हातात पुसायचं फडकं होतं. ते बाईंकडे पाहत राहिले, मग त्यांनी बोटाने घराच्या दिशेने दाखवलं, एकदा, दोनदा. फळी वर गेली. बोट निघाली तेव्हा पाण्यात खूप खोल बसलेली होती. बाजूच्या धक्क्यावरूनही एक निघाली, आणि त्याच्या पलीकडून आणखी एक.

बाईंनी लेकीला फोन लावला. पाचव्यांदा लागला.

"बाबा निघालेत," त्या म्हणाल्या. "बोटीत आज माणसं नाहीत गं."

पलीकडे चाकांचे आवाज येत होते, कुणीतरी जोरात खाटांचे नंबर ओरडत होतं.

"माहीत आहे, आई," लेक म्हणाली. "आम्हाला पहाटेच सांगितलंय, वॉर्ड रिकामे करा म्हणून. चालता येणाऱ्या सगळ्यांना घरी पाठवतोय. ठेवते. बाबा आले की धक्क्यावर जाऊन बघून येईन."

बाई फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या. समुद्रावर तीन पांढरे ठिपके एका ओळीत चालले होते, आणि ते दिसेनासे होईपर्यंत धक्क्यावरून कुणीही हललं नाही.